एक चौकोन सरकवून बघा!

वसई रोड स्टेशनला उतरा, पूर्वेला या आणि एव्हरशाईन सिटीच्या शेअर रिक्षात बसल्यावर मोबाइल खिशात ठेवून जरा वर बघा. नव्या टॉवरची जाहिरात दिसेलच. त्यात आकाश निळंशार असतं. झाडं एकाच उंचीची, एकाच दिवशी कटिंग करून आल्यासारखी. गोरंपान जोडपं, सोबत एक कुत्रा. खाली एकही स्कूटर तिरकी लावलेली नाही, एकाही बाल्कनीत टॉवेल वाळत नाही. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत दोन शब्द : ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’. म्हणजे कलाकाराची कल्पना.

कधी प्रश्न पडलाय का, की हा कलाकार कोण? आणि कल्पना करायचीच होती, तर त्याने एवढीच का केली?

कारण आपल्याकडेच, मुंबईत ऑफिस असलेला आणि मूळ गोव्याच्या घराण्यातला एक आर्किटेक्ट होऊन गेला. त्याच्या कल्पनेतल्या इमारतींमध्ये ग्रह शिरले, कृष्णविवरं शिरली, खोट्या खिडक्यांतून डोकावणारी माणसं शिरली आणि साध्यासुध्या माणसांची वाढत जाणारी घरंही शिरली. चार्ल्स कोरिया. नाव ऐकलं असेल, आर्किटेक्चरला असाल तर परीक्षेत लिहिलंही असेल. पण त्यांच्याकडे ‘चित्र काढणारा माणूस’ म्हणून बघितलंयत का? आज तेच करू या. आणि हो, हा विषय फक्त आर्किटेक्चरवाल्यांचा नाही. ज्यांना ज्यांना घरात राहावं लागतं, त्या सगळ्यांचा आहे.

थीसिस? कार्टून फिल्म!

कोरियांचा जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं. रूळ कसे जोडायचे, कुठे वळवायचे, गाडी परत त्याच जागी कशी आणायची, याचे आराखडे करण्यात हा मुलगा रमायचा. प्लॅन वाचायची सवय तिथेच लागली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि पुढे एमआयटी. १९५५ साली एमआयटीच्या मास्टर्ससाठी त्यांनी जाडजूड प्रबंधाऐवजी काय दिलं माहितीये? एक अ‍ॅनिमेशन फिल्म. ‘यू अँड युअर नेबरहूड’. चित्रं स्वतः काढलेली. विषय असा, की एखादी वस्ती हळूहळू खराब होत जाते तेव्हा तिथे राहणारी माणसं एकत्र येऊन ती कशी सुधारू शकतात.

तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम चोवीस-पंचवीस. म्हणजे आपल्याच वयाचा एक मुलगा सांगत होता, की शहराचा प्लॅन हा तज्ज्ञांनी कुलपात ठेवायचा कागद नाही. तो चित्रातून सगळ्यांना कळला पाहिजे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं आणि २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. मधल्या काळात त्यांच्या ऑफिसात जमलेली सहा हजारांहून जास्त ड्रॉइंग्ज आज लंडनच्या ‘रिबा’ या आर्किटेक्ट संस्थेच्या संग्रहात आहेत. २०१३ मध्ये तिथे त्यांचं मोठं प्रदर्शनही झालं.

पोस्टमॉडर्न म्हणजे काय रे भाऊ?

हा शब्द आला की आपण मान डोलवून पुढे जातो. पण गोष्ट सोपी आहे. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात जगभर एकाच सुराच्या इमारती उभ्या राहत होत्या : काँक्रीट, काच, सरळ रेषा, नक्षी नको, रंग नको, इतिहास तर नकोच. यालाच मॉडर्न म्हणायचे. मग १९७२ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात ‘प्रुइट-आयगो’ नावाची सरकारी वसाहत सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, बांधून वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. दुर्लक्ष, गरिबी, वंशभेद अशी त्याची बरीच कारणं होती. पण चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने पुढे १९७७ मध्ये लिहिलं, की मॉडर्न आर्किटेक्चर त्या दिवशी मेलं.

त्यानंतर जे आलं ते पोस्टमॉडर्न. इमारतीत पुन्हा गोष्ट आली, रंग आला, थट्टा आली, जुन्या कमानी आणि खांब आले. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीला जुन्या कपाटासारखा माथा आला. आपल्याकडे पवईच्या हिरानंदानीत हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी उभे केलेले ग्रीक-रोमन थाटाचे खांब आणि कमानी याच लाटेतले. आणि तिथून पाझरत पाझरत ती हौस उपनगरांपर्यंत आली. मुंबईपासून विरारपर्यंत कित्येक सोसायट्यांच्या गेटवर दोन जाड गोल खांब आणि त्यावर त्रिकोणी टोपी दिसते ना? आत तळमजला अधिक चार मजले, पण गेट मात्र रोमन साम्राज्याचं! ती या पोस्टमॉडर्नची लांबची भाची समजा.

कोरियांना पोस्टमॉडर्न म्हणायचं का, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. सुरुवातीचं त्यांचं काम मॉडर्न शिस्तीतलं आहे. पण १९८० च्या आसपास त्यांच्या कागदावर मिथकं, मंडल, रंगवलेल्या भिंती यायला लागल्या. फरक एवढाच, की त्यांनी इतिहासाचा मुखवटा इमारतीला बाहेरून चिकटवला नाही. त्यांनी आधी विचारलं, की या जुन्या आकृतीत जगण्याची कोणती गोष्ट दडलीये?

भिंतीवरचे प्रेक्षक

गोव्याला जाताच तुम्ही. पुढच्या वेळी बीचवरून अर्धा दिवस चोरा आणि पणजीत मांडवीकाठी कला अकादमीत जा. ही इमारत कोरियांची. तिच्या मोठ्या नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंती बघा. जुन्या युरोपियन थिएटरमध्ये असतात तसे सज्जे, त्यात बसलेले गोवेकर प्रेक्षक. कोणी वाकून बघतंय, कोणी शेजारणीशी गप्पा मारतंय. जवळ गेलात की कळतं, सज्जा नाहीच. सगळं रंगवलेलं आहे. चित्रकार मारिओ मिरांडा! म्हणजे या थिएटरमध्ये नाटक पडलं तरी हॉल अगदीच रिकामा कधी नसतो.

दोना पावलाजवळच्या ‘सिदाद द गोवा’ या हॉटेलात कोरियांनी हाच खेळ आणखी पुढे नेला. नावाचा अर्थच ‘गोवा शहर’. मग हॉटेलच एक छोटं शहर म्हणून कल्पिलं. भिंतींवर रंगवलेल्या खिडक्या, दारं, माणसं. खरी खिडकी कुठली आणि चित्रातली कुठली, हे ओळखताना आपण दोन सेकंद थबकतो. कलेच्या भाषेत याला डोळ्यांना चकवणारं चित्र म्हणतात. युरोपात ही जुनी युक्ती आहे. पण इथे ती शोभेपुरती नाही. साधी भिंत उभारायला लागतो तेवढाच खर्च, अधिक थोडा रंग, आणि जागा मनात दुप्पट होते.

आता तुम्ही म्हणाल, की होर्डिंगवरचं चित्रही चकवाच आहे की! आहे ना. पण मारिओंची भिंत चकवा देते आणि लगेच डोळा मारून सांगते, ‘कसं फसवलं!’ होर्डिंग डोळा मारत नाही. ते तुमच्याकडून बुकिंग अमाउंट घेतं.

नऊ घरं ग्रहांची

आता एक कागद घ्या आणि त्यावर फुलीगोळ्याची चौकट काढा, नऊ चौकोनांची. झाला जयपूरच्या जवाहर कला केंद्राचा प्लॅन! १९८० च्या दशकात कोरियांनी हे संकुल आखलं. नवग्रहांच्या मंडलावरून नऊ चौकोन, प्रत्येक एका ग्रहाचा. त्या ग्रहाचा जो स्वभाव, त्याला साजेसं काम त्या चौकोनात. ग्रंथालय, रंगमंच, संग्रहालय. भिंतींवर ग्रहांची चिन्हं. मधला चौकोन सूर्याचा. आणि तिथे काय बांधलंय? काहीच नाही. वर मोकळं आकाश.

पण खरी गंमत कोपऱ्यात आहे. नऊपैकी एक चौकोन जागेवरून सरकवलाय. का? तर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात जयपूर शहर वसवलं तेव्हा तेही चौकोनांच्या हिशोबातच आखलं होतं. एका कोपऱ्यात टेकडी आडवी आली. राजाने टेकडी फोडली नाही, चौकोन हलवला. त्या जुन्या शहाणपणाला कोरियांनी असा सलाम केला. आणि सरकलेल्या चौकोनामुळे जी फट पडली, तिथून आत शिरायची वाट निघाली.

मला कोरियांच्या सगळ्या कामांतली ही रेघ सर्वांत आवडते. नियम हवा, पण जमिनीपुढे, माणसांपुढे थोडं सरकायची तयारीही हवी.

पुण्यातलं कृष्णविवर

पुण्यात शिकत असाल तर तुम्हाला जयपूरलाही जायला नको. विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही खगोलशास्त्राची संस्था. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, आणि इमारत कोरियांची. एक विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ आणि एक चित्रात विचार करणारा आर्किटेक्ट. अशी जोडी जमली तर काय होईल? विश्वाचं चित्र होईल. आणि झालंच.

बाहेरच्या भिंतीत खाली काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश आणि ढग उमटतात. म्हणजे भिंत वर जाता जाता काळोखात आणि मग आकाशात विरघळते. मधलं अंगण म्हणजे कुंड. त्याच्या उतारावरची दगडांची मांडणी भोवऱ्यातून बाहेर फेकली गेल्यासारखी. दुसऱ्या एका अंगणात फरसबंदीत त्रिकोण, त्यात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण, म्हणजे गणितातला ‘सरपिन्स्की गॅस्केट’. तिथेच आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. देवळाच्या आवारात फिरावं तसं आपण इथे फिरतो, फक्त गाभाऱ्यात प्रश्न ठेवलेला असतो. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी संस्था लोकांसाठी खुली असते. कॅलेंडरला खूण करून ठेवा.

पण आमच्या घराचं काय?

‘हॉटेल झालं, कला केंद्र झालं, आयुका झालं. वन-बीएचकेवाल्यांसाठी काय केलं तुमच्या कोरियांनी?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर टाळी द्या. कारण यापुढचा भाग त्याचाच आहे.

१९६० च्या दशकात कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कागदावर एक धाडसी रेघ ओढली. मुंबई उत्तरेकडे लांबच लांब ताणण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यातून नवी मुंबई आली आणि १९७० पासून काही वर्षं कोरिया सिडकोचे मुख्य आर्किटेक्ट होते. विचार करा, ‘उत्तरेकडे लांबच लांब ताणलेली मुंबई’ म्हणजे कोण? आपणच! मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. सकाळी ज्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिच्यावरचा उपाय पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी पेन्सिलीने काढून दाखवला होता.

त्याच नवी मुंबईत बेलापूरला १९८३ ते ८६ मध्ये त्यांनी घरं बांधली. आज त्याला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साधारण साडेपाच हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि इमारत एकही उंच नाही. हे जमलं कसं? पुन्हा कागद घ्या. सात घरं काढा, मध्ये ८ बाय ८ मीटरचं अंगण ठेवा. असे तीन गट जोडा, झाली एकवीस घरं, मध्ये १२ बाय १२ मीटरचं मोठं अंगण. मग असे गट पुन्हा जोडत जा. अंगणात अंगण, त्यात अंगण. आयुकाच्या फरशीवरचे त्रिकोण आठवले ना? ती फरशी पुढे झाली, पण डोक्यातलं चित्र तेच. तिथे ते गणित होतं, इथे मुलांना खेळायला आणि आज्यांना बसायला जागा.

यातली सगळ्यात हुशार गोष्ट भिंतीत आहे. दोन घरांची भिंत सामायिक नाही. प्रत्येक घर आपल्या जागेवर सुटं उभं. त्यामुळे पगार वाढला, भाऊ लग्न करून घरात वहिनी आणली, की शेजाऱ्याला न विचारता एक खोली वाढवता येते. घरं गवंड्यांना बांधता येतील अशी साधी. उत्पन्न वेगवेगळं असलं तरी प्लॉटच्या आकारात फार तफावत नाही. आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या छपरांची घरं थोडीच दिसतील. कित्येकांनी पाडून दुमजली-तिमजली बांधली, टाइल्स लावल्या, कुणी तर तेच रोमन खांबही लावले! पण अंगणं? बरीचशी अजून आहेत. घरं बदलली आणि चित्र टिकलं. आर्किटेक्टसाठी याहून मोठी पावती कुठली?

एव्हरशाईनवरून रविवारी सहज जाऊन येता येईल. अंधेरीला उतरून हार्बरची पनवेल गाडी पकडा, नाही मिळाली तर वडाळ्याला बदला आणि सीबीडी बेलापूरला उतरा. सोबत वही न्या. आणि लोकांची घरं आहेत ती, सेल्फीसाठी कोणाच्या ओटीवर चढू नका.

बांधलंच पाहिजे असं कुठाय?

कोरिया एकटे नाहीत. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म पुण्यातला, १९२७ चा. घरात फर्निचरचा व्यवसाय, शिक्षण मुंबईच्या जेजेत. आर्किटेक्चरमधलं नोबेल म्हणतात ते प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय, साल २०१८. अहमदाबादच्या त्यांच्या ‘संगाथ’ या स्टुडिओची त्यांनी केलेली चित्रं शोधून बघा. ती थेट मिनिएचर चित्रांसारखी आहेत. वरून दिसणारा प्लॅन आणि समोरून दिसणारी इमारत एकाच कागदावर, झाडं-पक्षी-माणसांसकट. कॅमेऱ्याला जे एका वेळी दिसत नाही, ते हाताला दाखवता येतं.

इटलीचे आल्डो रॉसी तर कॉफीची किटली आणि इमारत एकाच चित्रात, एकाच उंचीची काढायचे. त्यांच्या एचिंग्ज जगभर गेल्या, आणि १९८४ मध्ये त्यांनी खरीखुरी किटलीही डिझाइन केली, जी एखाद्या छोट्या मनोऱ्यासारखी दिसते. जपानच्या अराता इसोझाकींनी आपल्याच इमारतींची स्क्रीन प्रिंट्स काढली. इमारत एका शहरात अडकून राहते, पण प्रिंट फिरते. पोस्टात जाते, मासिकात छापली जाते, हॉस्टेलच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटते.

आणि मग ते दोघे : अलेक्झांडर ब्रोडस्की आणि इल्या उत्किन. १९७० च्या दशकाच्या शेवटी मॉस्कोत आर्किटेक्ट झाले, पण सोव्हिएत राजवटीत सगळीकडे ठराविक साच्याच्या इमारती. कल्पनेला वाव शून्य. मग त्यांनी एचिंग्ज करायला घेतली. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्लात बुडवायचं, रेघा खोल कोरल्या जातात, त्यात शाई भरायची आणि ओलसर कागदावर दाबाने छाप घ्यायचा. जेजेत प्रिंटमेकिंगला असलेली तुमची मैत्रीण तुम्हाला हे जास्त नीट दाखवेल. चूक झाली तर कंट्रोल-झेड नाही! ही चित्रं ते परदेशातल्या स्पर्धांना पाठवायचे आणि बक्षिसं मिळवायचे. यालाच ‘पेपर आर्किटेक्चर’ म्हणतात. कागदावरच जन्मलेली आणि कागदावरच राहिलेली इमारत.

त्यांचं एक प्रिंट आहे, ‘कोलंबेरियम हॅबिटॅबिले’. प्रचंड मोठा काँक्रीटचा ठोकळा, आतून कपाटासारखा. त्याच्या फळ्यांवर शहरातली पाडायला काढलेली जुनी घरं आणून ठेवलीयत. अट एकच, घरात माणसं राहत असली पाहिजेत. माणसं कंटाळून निघून गेली की मध्ये लटकणारा पाडकामाचा गोळा फिरतो, घर संपतं आणि फळीवर पुढच्या घराचा नंबर लागतो.

हे प्रिंट पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मला मॉस्को आठवलंच नाही. वसई आठवली. एव्हरशाईनमधून रिक्षाने गावाच्या बाजूला जाताना मधेच दिसणारं एखादं कौलारू घर, पुढे ओटा, विहीर, मागे चिकूचं झाड आणि त्याच्या मागे सात मजले. दर पावसाळ्यानंतर त्यातलं एखादं दिसेनासं होतं. तिथे लगेच पत्र्याचं कुंपण येतं आणि कुंपणावर चित्र. कलाकाराची कल्पना.

आपला चौक

कल्पनेच्या बाबतीत आपण गरीब आहोत असं वाटत असेल तर एक आठवण करून देते. आपण पालघर जिल्ह्यात राहतो. वारली चित्रांच्या जिल्ह्यात! वारल्यांच्या लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकोन, त्याच्या आत पालघट देवी, बाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. वर्तुळ आणि त्रिकोण निसर्गातले, पण चौकोन माणसाने जागा मानायला काढलेला, असं या चित्रांबद्दल सांगतात. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोरियांनी वारली चौक बघून नऊ चौकोन काढले, असं मी म्हणत नाहीये. पण रिकाम्या जागेभोवती एक रेघ ओढून ‘ही जागा आपली, ही महत्त्वाची’ असं सांगायची रीत दोन्हीकडे आहे. आणि गंमत बघा, आपल्या टॉवरांच्या लॉबीत वारली माणसं स्टिकर म्हणून चिकटवलेली असतात, पण ती ज्याच्याभोवती नाचतात तो चौक बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये नसतो. तिथे पार्किंग असतं.

मी एव्हरशाईन सिटीतच वाढले. मला ही जागा नावं ठेवण्यासारखी वाटत नाही. मुंबईत परवडलं नाही म्हणून लाखो घरांना इथे पहिलं स्वतःचं दार मिळालं, ही छोटी गोष्ट नाही. रुंद रस्ते, खाली दुकानं, संध्याकाळी फुललेले फूटपाथ, पाणीपुरीच्या गाडीभोवतीचे घोळके. हे सगळं माणसांनी भरलेलं चित्र आहे. पण आमच्या पिढीने इथे एक गोष्ट फार लवकर शिकून घेतली : गच्चीला कुलूप असतं. चावी सेक्रेटरींकडे. पतंगाला नको, अभ्यासाला नको, तारे बघायला तर नकोच. जयपूरला सूर्यासाठी एक अख्खा चौकोन मोकळा ठेवणारा माणूस ‘आकाशाला खुली जागा’ हे गरम देशातलं सगळ्यात स्वस्त सुख आहे, असं आयुष्यभर मांडत राहिला. आणि आपल्या डोक्यावर ते सुख बांधून तयार आहे, फक्त बंद आहे.

आता तुमची पाळी

विषय तातडीचा का आहे ते सांगते. इथल्या जुन्या सोसायट्यांमध्ये आज ना उद्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होणार, काही ठिकाणी झालीही असेल. मीटिंगला आई-बाबा जातात, आपण घरी रील्स बघतो. पण त्या नव्या घरात सगळ्यात जास्त वर्षं कोण राहणार? आपण. मग तिथे दाखवलं जाणारं चित्र आपल्याला वाचता यायला नको?

तीन गोष्टी करता येतील. पहिली, चित्र बाजूला ठेवून प्लॅन मागा. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात रेराखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केलात की प्रकल्पाची महारेराकडे असलेली माहिती उघडते. होर्डिंगवरची बाग त्या प्लॅनमध्ये आहे का, बघा. फ्लॅटचा हिशोब कार्पेट एरियावर मागा. आणि लक्षात ठेवा, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई मागायची तरतूद रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’ लिहिलं म्हणजे सगळं माफ, असं समजून गप्प बसू नका.

दुसरी, प्लॅनमध्ये तीनच गोष्टी शोधायला शिका. हवा कुठून येते आणि कुठून जाते. दुपारी तीनचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं. आणि बसायला, खेळायला, काहीच न करायला जागा कुठे आहे. कोरियांच्या स्केचमध्ये अनेकदा एवढंच असतं : एक घर, एक सूर्य, वाऱ्याचे दोन बाण आणि एक माणूस. चौथीतल्या मुलालाही काढता येईल. पण बरेच चकचकीत थ्रीडी रेंडर या तीन प्रश्नांवर गप्प असतात.

तिसरी, काढा. एआयला सांगून नाही, हाताने. तुम्हाला चित्रकला येत नाही, हे कारण चालणार नाही. फुलीगोळा तर येतो ना? तुमच्या सोसायटीचं आवार नऊ चौकोनांत बसवा. कुठे बिल्डिंग, कुठे पाण्याची टाकी, कुठे गाड्या, कुठे वॉचमनची खुर्ची, कुठे ती कुलूपबंद गच्ची. झालं? आता त्यातला फक्त एक चौकोन जागेवरून हलवा आणि जी फट पडेल तिथे काय ठेवायचं ते ठरवा. एक बाक, एक झाड, अभ्यासाची खोली, कॅरमचा बोर्ड किंवा काहीच नाही, नुसतं आकाश.

मग तो कागद पुढच्या मीटिंगला आई-बाबांच्या हातात द्या. बेस्ट म्हणजे तुम्हीच घेऊन जा. खाली नाव लिहायला विसरू नका. या वेळी कलाकार कोण, हे सगळ्यांना कळू दे.